सरकारी गळा

मधू घरात खुणांनी बोलायचा. मुका नव्हता; उलट साऱ्या ग्वाल्हेरात त्याच्या आवाजाइतका बोलबाला दुसऱ्या कुणाच्या आवाजाचा नव्हता. भात हवा असला की दोन बोटं, नको असला की तळवा, आणि आमटी पाणचट झाली असली तर नुसत्या भुवया. माईमावशी वैतागून म्हणायची, "अरे मेल्या, तोंड उघड की जरा." मग तो मफलर सारखा करून अगदी हळू सांगे, "मावशी, गळा सरकारी आहे न. घरी वापरून खराब होऊन जाईल."

आणि ते खरं होतं. मध्य भारत सरकारचं प्रचार खातं तेव्हा महाराज बाड्याच्या चौकात संध्याकाळी मोठी चादर टांगून तिच्यावर दिव्यानं रंगीत चित्रं पाडत असे. काचेच्या दोन पट्ट्या एकमेकींवर सरकवल्या की चित्रातला ससा कान हलवी, तोंड उघडी. त्या चुन्नू सशाचा आवाज म्हणजे आमच्या दौलतगंजातला, माझ्या शेजारचा हा मधू. चादरीमागे खोक्यावर उभा राहून, पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून तो गावाला बजावायचा, "भैया, पानी उबाल के पियो. चेचक का टीका लगवाओ." लोक ऐकतही, देवी टोचून घेत. माझे वडील पाणी उकळून प्यायला लागले ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून नव्हे, सशाच्या.

शाळेत छडी बसली तरी हा रडायचा नाही. रडलं की गळा बसतो, म्हणे. मास्तरांना तो उर्मटपणा वाटे आणि आणखी एक छडी बसे. हळदीकुंकवाला आलेल्या बायका म्हणत, "सशासारखं बोलून दाखव न रे." हे साहेब मानेनंच नकार देऊन ज्येष्ठमधाची काडी चघळत राहात. पाय मात्र एका जागी ठरत नसत. न बोललेलं सगळं त्याच्या पायांत उतरायचं. जिना चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. बघून बघून आपल्याच पोटऱ्या दुखायला लागत.

त्याची आई लहानपणीच गेली होती, म्हणून तो मावशीकडे. वडील सचिवालयात कारकून. मध्य भारताची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर, त्यामुळे दर वर्षी फायलींच्या पेट्या इकडून तिकडे जात आणि पेट्यांबरोबर मधूचे वडीलही. तरी अर्धं वर्ष ते घरी असत. मग राज्यांची नवी जुळणी झाली. मध्य भारत नकाशावरून गेला आणि कचेरी कायमची भोपाळला. तिथे कारकुनांना राहायलाच जागा नव्हती, एकेका खोलीत चार-चार जण. "क्वार्टर मिळालं की नेतो तुला," असं सांगून वडील गेले. क्वार्टर काही मिळेना.

मधूनं आपला मार्ग आपणच काढला. प्रचार खातंही भोपाळला जाणार होतं. खात्यानं सशाला नेलं की सशाबरोबर मधू जाणार, मग क्वार्टर मिळो न मिळो. पण राज्यं एक झाली तशी त्यांची प्रचार खातीही एक झाली, आणि दर खात्याचा आपापला प्राणी होता. कुणाचा पोपट, कुणाचं माकड. नव्या राज्याला एकच प्राणी पुरणार होता. ग्वाल्हेरचा ससा ठेवायचा की नाही, हे ठरवायला भोपाळहून एक साहेब येणार असं कळलं, आणि त्या दिवसापासून मधूनं खुणासुद्धा कमी केल्या.

मला काळजी वाटत होती. त्याच्या ओठावर काळसर लव दिसायला लागली होती. एकदा मांजर हाकलताना त्याच्या तोंडून असा घोगरा आवाज निघाला, की मांजराआधी तोच दचकला.

"सर्दी आहे, ताई. उतरून जाईल," तो म्हणाला.

ती सर्दी थंडीभर उतरली नाही.

साहेब आले त्या दिवशी मावशीचे गुडघे धरले होते, म्हणून सोबत मी गेले. कचेरीतच चादर लावली होती. दिवा लागला, सशानं कान हलवले. "भैया" एवढं सशाचं निघालं. "पानी उबाल के" हे थेट अस्वलाचं. कारकून हसायला लागले. मधूनं पुन्हा सुरुवात केली. अस्वल आणखी मोठं झालं. चादरीवर ससा बिचारा तोंड उघडून वाट बघत होता. शेवटी साहेबांनीच दिवा बंद करायला सांगितला. माणूस भला होता. मधूच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "बेटा, तुम्हारा खरगोश बड़ा हो गया."

आम्ही पाटणकर बाजारातून परत निघालो. माझा जीव अगदी तुटत होता. तो भराभर चालायचा, मध्येच थांबायचा, पुन्हा चालायचा. मला वाटलं, भोपाळ गेलं म्हणून आता रडेल. एका कपड्याच्या दुकानापाशी तो थांबला आणि त्या नव्या, जाड आवाजात म्हणाला, "ताई, होळीला बाबा येतील न?"

"येतील की."

"ते दारात असताना मी आतून हाक मारली तर त्यांना कळेल न, मीच आहे म्हणून?"

"कळेल रे," मी म्हटलं.

त्याला ते पटलं नसावं. थोडं पुढे जाऊन त्यानं भर बाजारात, कुणाकडेच न बघता, हाक मारून पाहिली, "बाबा."

समोरून जाणाऱ्या दोघांनी वळून पाहिलं. कोण हाक मारतंय ते त्यांना कळेना, म्हणून ते पुढे निघून गेले.