तुकाकाकांचं सुतक

पोरीच्या हातातला मोबाइल कसा सोडवायचा, हे अख्ख्या मुरबाड तालुक्यात फक्त मला कळलं होतं! शहापूरच्या पुस्तक प्रदर्शनातून मी ‘गेले बिचारे’ या मालिकेचे आठही भाग उचलून आणले. प्रत्येक भागात देसले नावाच्या चमत्कारिक कुटुंबातला एकेक नातेवाईक मरतो, आणि असा मरतो की वाचणाऱ्याचं हसून पोट दुखावं. आमची पूजा नऊ वर्षांची. पहिल्याच दिवशी मोबाइल उशीखाली गेला आणि पुस्तक हातात आलं. मी मिशीवर ताव देत धसईच्या बाजारात चारचौघांना फुकट सल्ले वाटत फिरलो.

माणूस किती वाकडा आहे याची माझ्याकडे पक्की नोंद असते. शेजारी कधी खोटं हसतो, पाहुणा कितव्या कपाला नाही म्हणतो, सगळं मला पाठ. फक्त माझ्या आईची नोंद ठेवायला मी विसरलो!

पूजा रोज संध्याकाळी ओटीवर बसून मोठ्याने वाचायची आणि आई तांदूळ निवडत ऐकायची. पहिल्या भागात बच्चूकाका स्वतःच्या घोरण्याने अंगावर कौलं पाडून घेऊन गेले. आई खो खो हसली, उठली आणि डोक्यावरून अंघोळ करून आली. मला वाटलं, उकडत असेल. दुसऱ्या भागात मथुआत्या आरशात बघता बघता विहिरीत गेली. पुन्हा अंघोळ! मला वाटलं, फारच उकडतंय.

तिसऱ्या भागात तुकाकाका गेले तो शनिवार होता. रविवारी माझ्या बहिणीची, स्नेहलची, सुपारी फुटायची होती. खर्डीचं स्थळ, मुलगा ओमकार भातसानगरला कामाला. वर्षभरात सहा स्थळं बघून हे सातवं जमलं होतं. स्नेहलने मला बजावलं होतं, “दादा, उद्या फक्त तुझं डोकं थंड ठेव. बाकी सगळं जमेल.”

पाहुणे आले. मुलाचे वडील जगनभाऊ, आजी बाईजा आणि मागे जीपभर भावकी. पाट मांडला, नारळ ठेवला, आणि आई कुठाय? तर अंगणात, सगळ्यांपासून चार हात लांब!

“आई, पुढे ये ना!”

“मी नाय शिवायची रे. आपल्याला सुतक हाय.”

जगनभाऊंचा हात सुपारीवरच थांबला. “सुतक? कोन गेला?”

“आमचे तुकाकाका. कालच गेले.”

“अरेरे! कशानी?”

तेवढ्यात पूजा पुढे! “लोणच्याच्या पिंपात पडून! वर नुसते पाय दिसत होते!” आणि कार्टी जमिनीवर लोळून हसायला लागली. आईनेही तोंडाला पदर लावला. रडतेय असं वाटावं, तर खांदे हसण्याने उडत होते!

जगनभाऊ ताडकन उठले. “मयताला हसता? आणि सुतक लपवून सुपारी फोडता? आमाला काय येडे समजलात?”

माझं डोकं तव्यासारखं तापलं. “अहो, तुकाकाका खरे नाहीत! पुस्तकातले आहेत!” मी आत धावलो, तिसरा भाग आणला आणि जगनभाऊंच्या नाकापुढे नाचवला. “हे बघा! लहान मुलांचं पुस्तक! आई, कुणाचं सुतक पाळतेस तू?”

“आडनाव काय त्याचा?” आईने शांतपणे विचारलं.

“देसले.”

“आपला?”

“देसले, पण...”

“मंग? देसले म्हंजे भावकी. रोज आपल्या ओटीवर येत व्हता. पुस्तकात ऱ्हायला गेला म्हनून काय परका झाला?”

मी ओरडलो. कुणावर ओरडलो तेही आठवत नाही. बहुतेक नारळावर! माझा आवाज ऐकून जगनभाऊंना वाटलं, खरंच काहीतरी लपवतोय. मग बाईजाआजीने निकाल दिला. “बाईचं मन शंकलं ना? मंग धा दिस थांबू. सुतकाच्या घरातली सुपारी मी घेनार नाय.” जीप धुरळा उडवत निघून गेली. स्नेहलने माझ्याकडे नुसतं बघितलं. ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

चौथ्या दिवशी आई म्हणाली, “पूजा, पुढला वाच गो. आता कोन मरतो?”

“खबरदार!” मी पुस्तक हिसकावलं. अजून पाच भाग, म्हणजे पाच मयतं! एकेकाचे दहा दिवस धरले तर स्नेहल म्हातारी होणार! रागाने येरझाऱ्या घालता घालता मला आठवलं. एका सुतकात दुसरं आलं, तर ते पहिल्याबरोबरच फिटतं! म्हणजे या सहा दिवसांत सगळे देसले संपवले की काम झालं!

मी खर्डीला फोन लावून बेत सांगितला. बाईजाआजी म्हणाली, “माझ्या कानासमोर संपवा. मागनं आनखी एक निघाला असं नको.”

फोन स्पीकरवर ठेवला. इकडे आई, पूजा, स्नेहल. तिकडे बाईजाआजी, जगनभाऊ आणि ओमकार. मी दातओठ खात वाचायला बसलो. फुलाकाकी पतंगाला लटकून गेली. दामूअण्णा स्वतःच्याच सत्काराच्या हारांत गुदमरले. मी जितकं चिडून वाचावं तितकं दोन्हीकडचे हसत होते. “सावकाश वाचा हो, काकीला नीट मरू द्या!” जगनभाऊ ओरडत होते. सुपारी मोडणारा हाच तो माणूस! जेवणाच्या वेळेपर्यंत पाचही जण गेले. घसा बसला होता, पण मी पुस्तक मिटून गरजलो, “संपले! एकही देसले उरला नाही! आता सांगा, सुपारी कधी?”

“आनि लिवनारा?” बाईजाआजीने विचारलं. “तो गेला का हाय?”

“आहे की! धडधाकट आहे! मागच्या पानावर फोटो आहे, हसतोय!”

मग आजीचा आवाज आला. “हाय? मंग तो गप बसनार नाय. तुमच्या भावकीतले आनखी उकरून काढील. सुपारीबिपारी ऱ्हाऊ द्या. सुतक फिटला का थेट लगीनच उरकू!”

पलीकडे ओमकार, अलीकडे स्नेहल, दोघंही एकदम “चालेल!” म्हणाले. माझं मत कुणी विचारलंच नाही. मी तिथेही थोडा ओरडलो, पण तेव्हा सगळे हसतच होते.

आता पत्रिका छापायला मुरबाडला खेपा चालू आहेत. काल तिथल्या पुस्तकांच्या दुकानात शिरून मी हळूच विचारलं, “नववा भाग कधी येतोय हो?”

लग्नाच्या तारखेसाठी विचारलं! दुसरं काही नाही.