दामानानांची पवनचक्की

दामानाना रोज सकाळी गच्चीवर जाऊन जीभ बाहेर काढतात. कोणाला वेडावून दाखवत नाहीत, वारा चाखतात. "खारा हाय. खाडीवरना येतोय," असा निकाल देऊन मगच चहाला खाली उतरतात. कामोठ्याच्या जुन्या गावात त्यांचं घर आणि समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचं. त्यामुळे हा जिभेचा कार्यक्रम मला दात घासताघासता बघावा लागतो.

नानांचं आयुष्य मिठागरात गेलं. मिठागर बुजलं, त्यावर सेक्टर आले, पण खाडीचा वारा आपल्या मालकीचा आहे ही त्यांची समजूत काही गेली नाही. भारनियमनाच्या एका उन्हाळ्यात सगळी आळी इन्व्हर्टर घ्यायला धावली, तेव्हा नानांनी जाहीर केलं, "मी पवनचक्की लावनार."

"आदी मोरीतला नल नीट करा," त्यांच्या पत्नी, आमच्या काकी म्हणाल्या. नानांनी ऐकलंच नाही. एकदा हट्टाला पेटले की त्यांचे कान बंद होतात.

पुण्याहून एक विक्रेता माहितीपुस्तक घेऊन आला. त्याच्याकडे चक्कीचे दोन प्रकार होते. एक खांबावरची, तीन पात्यांची. दुसरी उभी, ताक घुसळायच्या रवीसारखी. नानांनी त्याची उलटतपासणी घेतली. आवाज किती? पावसाळ्यात खांब आडवा झाला तर कोणाच्या डोक्यावर? वारा फिरला तर ही मान फिरवते का? बिचारा पाणी मागायला लागला. शेवटी वारा मोजायचं हातातलं यंत्र आणि पुस्तक ठेवून, "वर्षभर मोजा, मग बोलू," म्हणून निघाला. पीडा टळली असं त्याला वाटलं असणार.

नानांनी वर्षभर मोजला. गच्चीवर बांबू रोवला, काकींच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या तीन उंचींवर बांधल्या आणि रोज संध्याकाळी यंत्र धरून उभे राहिले. आकडे लिहायला मी. चष्मा सापडत नाही ही त्यांची कायमची सबब. माझ्या क्लासची मुलं समोर बसलेली असताना पलीकडून हाक यायची, "मास्तर! लवकर या, वारा चाललाय!" गेलो की ऐकवायचे, "धा फुटांवर वारा झोपलेला आसतो, वीस फुटांवर कूस बदलतो, तिसावर उठून बसतो. लिवा."

खरी अडचण पश्चिमेला होती. वारा येतो पश्चिमेकडून आणि पश्चिमेला राहतो त्यांचा धाकटा भाऊ हिराजी. वाटणीच्या वेळी अंगणात भिंत उभी राहिली, तेव्हापासून नऊ वर्षं दोघे बोललेले नव्हते. लग्नाच्या पंगतीतही पाठीला पाठ लावून जेवायचे. हिराजी जागा बिल्डरला देणार अशी कुणकुण होती. तिथे माळे चढले की नानांची चक्की नुसती शोभेला उरणार.

"किती माळे ते इचाराय पायजे," नाना म्हणाले.

"मी विचारून येतो."

"तुमी? तुमाला वाऱ्यातला काय कलतंय?"

एका रविवारी इस्त्रीचा सदरा घालून, पुस्तक आणि वही काखेत मारून नाना निघाले. सोबत मला ओढलं. अंतर पन्नास पावलांचं, पण नाना तीनदा थांबून वारा चाखत राहिले.

दार हिराजीनेच उघडलं. नाना एकदम खेकसले, "किती माळे बांधनार हायस? मना चक्की लावायची हाय."

"चार," हिराजी गोंधळून म्हणाला. आणि मग नानांच्या काखेतल्या पुस्तकाकडे बघत, "कोनती घेतोस, दादा?"

झालं! पुस्तक फरशीवर उघडलं आणि तीन पाती की रवी, यावर दोन म्हातारे हातघाईवर आले. हिराजी म्हणे रवीच बरी, खाडीचा वारा संध्याकाळी फिरतो. नाना म्हणे, तुला लहानपनापासना अक्कल नाय. हिराजीच्या बायकोने दोनदा चहा केला, मग भात आणि जवळ्याची चटणी वाढली. निघताना हिराजी म्हणाला, "माजी गच्ची होऊ दे. तितंच लाव. दोगांना होईल."

वहीतली सरासरी मी आदल्याच आठवड्यात काढली होती. तेवढ्या वाऱ्यावर, चार माळे चढूनही, फार तर एक बल्ब मिणमिणला असता. जिवावर आलं, पण परतताना सांगितलं.

"मना तिसऱ्या महिन्यातच कलला व्हता, मास्तर."

मला त्यांचा राग आला. "मग वर्षभर कशाला मोजत बसलात?"

नानांनी वही काखेत घट्ट दाबली.

"नऊ वर्सांनी भावाच्या दारात जायाचा, तर काय काम सांगून जायाचा?"