पुंजाजींची प्रकृती आणि गावाची साक्ष

माणसानं कशाचा अभिमान बाळगावा याला काही धरबंध नसतो. कुणाला बैलजोडीचा असतो, कुणाला जावयाचा. शिरपूरच्या अलीकडच्या मळ्यात चाळीस वर्षं कोबी आणि वांगी पिकवणाऱ्या पुंजाजींना अभिमान होता तो स्वतःच्या प्रकृतीचा. "अडुसष्टाचा झालो, पन आजवर दवाखान्याची पायरी चढलो नाई!" हे वाक्य दिवसातून एकदा तरी त्यांच्या तोंडून निघायचंच. पायरी चढलो नाही, म्हणजे आत काही बिघाड नाही, असा त्यांचा साधा हिशेब! विहिरीत डोकावलंच नाही तर पाणी आटलेलं कसं कळणार, हे त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती.

त्यांचा मुलगा अंकुर आठ वर्षांपासून कॅनडात, कॅलगरीला होता. सुनेला, निताला, पाचवा महिना लागला तसा त्यानं फोनवर हट्टच धरला. "बाबा, आता मळा बटईनं द्या अन् तुमी दोघंही इकडं या. कायमचे!"

पुंजाजींच्या बायकोनं, आवडाबाईंनी, त्याच दिवशी बाळाची दुपटी शिवायला घेतली. पुंजाजीही मनातून हरखले होते. नातवंडाला खांद्यावर घेऊन हिंडायचं, एवढीच त्यांची आता इच्छा उरली होती. पण त्यात एक मेख होती. आरोग्य विमा असल्याशिवाय व्हिसाच मिळणार नव्हता.

"तीन पर्याय हायेत," अंकुर म्हणाला. "पयला महाग, जुने-नवे सारे आजार त्याच्यात बसतात. दुसरा मधला. आजार असन तो आधीच खराखरा सांगाचा, तपासनी करून घ्याची. तिसरा सगळ्यात स्वस्त, पन तो ज्याले काहीच आजार नाई त्याच्यासाठीच."

"तिसरा!" पुंजाजी असे गरजले की कॅलगरीला फोनशिवायही ऐकू गेलं असतं.

"दुसरा घ्या," आवडाबाई दुपट्यावरून मान वर न करता म्हणाल्या. "दिवसाले चार गडवे पानी पेता तुमी. गुडघा वाजते."

"वाजते, दुखत नाई! अन् तहान काय आजार हाये? तुले घे तुहा दुसरा!"

आवडाबाईंनी खरंच दुसरा घेतला. रक्तदाबाची गोळी, पित्ताशयाचं ऑपरेशन, सगळं लिहून दिलं. जे हाये ते हाये, म्हणाल्या. पुंजाजींनी आपल्या फॉर्मवर आजारांच्या रकान्यांत वरपासून खालपर्यंत 'नाही' लिहिलं, आणि शेवटच्या 'नाही'खाली दोन रेघा मारल्या.

आता पुंजाजींचे दोन गुण सांगितले पाहिजेत, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळेच घडलं. पहिला गुण म्हणजे गुप्तता. काम फत्ते होईपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही, नजर लागते! त्यामुळे कॅनडाची गोष्ट शेजारच्या भिंतीलाही ठाऊक नव्हती.

दुसरा गुण परोपकार. कुठल्याही सरकारी योजनेचा फॉर्म गावात पुंजाजीच भरून देत आणि वर शिकवणही देत. "फाईलवाला मानूस चौकशीले आला की पयले कन्हाचं, मंग बोलाचं. हसाचं नाई. धडधाकट मानसाले सरकार काही देत नाई!" शेजारच्या गोमतीबाईंचं निराधार योजनेचं मानधन असंच सुरू झालं होतं. पीठगिरणीवाल्या भिवाजीला कानाचं यंत्र मिळालं होतं, ते तो गिरणी बंद असेल तेव्हा लावायचा. सारं गाव पुंजाजींच्या उपकाराखाली वाकलेलं होतं आणि फेडायची संधी शोधत होतं.

ती संधी बुधवारी सकाळी मोटरसायकलवरून आली!

विमा कंपनीचा तपासनीस, उदयसिंग त्याचं नाव, बगलेत फाईल मारून उतरला. तिसऱ्या पर्यायात शेजाऱ्यांकडे विचारपूस करायचा नियम होता. "काका, तुम्ही सोबत चला," तो म्हणाला, "पण मध्ये बोलायचं नाही. बोललात तर 'साक्षीदार पढवले' असं लिहावं लागतं."

"अजी, मी कायले बोलू? गावच बोलते!" पुंजाजी छाती काढून म्हणाले.

गिरणीवर गहू घेऊन आलेल्या गोमतीबाई होत्या, मळ्याचा शेजारी मोहनसिंग होता आणि पिठानं पांढरा झालेला भिवाजी होता. उदयसिंगनं फाईल उघडली आणि विचारलं, "पुंजाजींची तब्येत कशी असते?"

तिघांनी फाईल पाहिली. मग एकमेकांकडे पाहिलं. भिवाजीनं गिरणीचा पट्टा बंद केला आणि एक खोल उसासा टाकला. "कशाची तब्येत साहेब? दिवस ढकलून राह्यले बिचारे."

पुंजाजींना बोलायची तर चोरी! त्यांनी साहेबाच्या पाठीमागून दोन्ही हात जोरजोरात हलवून 'नाही, नाही' अशी खूण केली.

"पाहा, पाहा!" भिवाजी ओरडला. "हात कसे लटलट कापून राह्यले!"

उदयसिंगनं वळून पाहिलं आणि लिहून घेतलं. पुंजाजींनी गोमतीबाईंकडे पाहून छातीवर दोन बुक्क्या मारल्या. मी दणकट आहे, असं त्यांना म्हणायचं होतं.

"छातीत कळ निंघाली बाप्पा!" गोमतीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "असंच होते साहेब. जेवता जेवता होते. आमी कितीदा देवाले हात जोडले." खरंच रडल्या हो त्या! इतकं खरं रडणं पुंजाजींनीही त्यांना शिकवलं नव्हतं.

पुंजाजींनी सावध करण्यासाठी खाकरून पाहिलं, तर खोकल्याची नोंद झाली. डोळा मारला, तर भिवाजीनं साहेबाला अर्धांगवायूची सुरुवात दाखवली. मोहनसिंगनं तर धावत जाऊन बाजच आणली आणि त्यांना दंड धरून बसवलं. "बसा दादा, बसा. उभं राहाची ताकद कुठी हाये तुमाले!"

एवढं झाल्यावर कोण गप्प बसेल? पुंजाजी बाजेवरून ताडकन उठले. नियम गेला खड्ड्यात! "अरे बेअकलीहो! हे योजनावाले साहेब नोयेत! मी कॅनडाले चाललो! कायमचा!"

गोमतीबाईंनी हळूच मान हलवली. "डोक्यावर बी गेलं व माय."

"मले वाटलंच होतं," मोहनसिंग साहेबाच्या कानाशी लागला. "मयन्यापासून पाहून राह्यलो, मळ्यात एकटेच कोबीशी इंग्रजी बोलतात."

ते खरं होतं. विमानतळावर लागेल म्हणून पुंजाजी 'गुड मॉर्निंग, माय नेम इज पुंजाजी' एवढं रोज कोबीसमोर घोकत होते. पण हे आता कुणाला पटवणार? उदयसिंग भराभर लिहीत होता. त्याला दुसरं पान लागलं.

शेवटी पुंजाजींनी कृतीनंच उत्तर द्यायचं ठरवलं. समोर गव्हाचं भरलेलं पोतं होतं. "आता पाहा साहेब!" म्हणत त्यांनी ते उचललं आणि पाठीवर घेतलं. दोन पावलं चाललेसुद्धा, अगदी पंचविशीतल्या गड्यासारखे! तिसऱ्या पावलाला कंबरेत कट्‌कन आवाज झाला आणि पुंजाजी होते तसेच, काटकोनात, थांबले.

"पाहा," भिवाजी समाधानानं म्हणाला. "आमी खोटं बोलतो काय?"

त्याच बाजेवर घालून चौघांनी त्यांना घरी आणलं. दारात आवडाबाई साहेबासाठी पोह्यांची ताटली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी बाजेवरच्या नवऱ्याकडे पाहिलं, मग साहेबाच्या फाईलकडे. "पोहे खाऊन घ्या साहेब," त्या म्हणाल्या. "यांचं काही आता घाईचं नाई."

आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. पुंजाजींचा अर्ज नामंजूर! हात कापणं, छातीत कळ, खोकला, अर्धांग, भ्रम, कंबर... सगळी यादी सोबत जोडलेली होती.

पुढं कंबर दाखवायला वाशीमला न्यावं लागलं, म्हणजे दवाखान्याची पायरी झालीच. तीही त्यांना दोघांनी उचलून चढवली. डॉक्टरांनी लगे हात रक्त तपासलं आणि शुगर इतकी निघाली की त्यांनी यंत्र झटकून पुन्हा मोजली. गावानं सांगितलेल्या आजारांपैकी एकही सापडला नाही. सापडला तो बिचाऱ्या गावाला सुचलाच नव्हता.

"चार गडवे पानी," आवडाबाई फक्त एवढंच म्हणाल्या.

इकडं त्यांचा विमा मंजूर झाला, व्हिसाही आला, आणि निताचे दिवस भरत आले. थांबून चालणार नव्हतं. दुपट्यांची पिशवी छातीशी धरून आवडाबाई नागपूरहून एकट्या निघाल्या. "शुगरच्या गोया वेळेवर घ्या अन् दुसऱ्या पर्यायाचा फॉर्म भरा," त्यांनी जाताना बजावलं. "खरा भरा."

मुलगी झाली. पुंजाजींना ती फोनच्या काचेतून दिसली. एवढंसं नाक, एवढीशी मूठ. तिच्या गालाला हात लावावा म्हणून त्यांनी काचेवर बोट ठेवलं आणि फोन कट झाला. रिकाम्या घरात त्यांना फार, फार वाईट वाटलं. अडुसष्ट वर्षांत पहिल्यांदाच त्यांना वाटलं की आपण तब्येतीविषयी जरा कमी बोलायला हवं होतं.

त्यांनी दुसऱ्या पर्यायाचा फॉर्म भरला. आजार: शुगर. सोबत डॉक्टरांचा कागद जोडला. अर्ज एकदा नामंजूर झालेला, म्हणून तपासनीस पुन्हा येणार होता. या वेळी पुंजाजींनी गुप्तता सोडली आणि आदल्याच दिवशी गिरणीवर जाऊन हात जोडले. "बाप्पा हो, नात झाली मले. तिले पाहाचं हाये. उद्या जे खरं हाये तेवढंच सांगा."

गावाला आधीच मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आपल्यामुळं म्हातारा-म्हातारी दोन देशांत पडले! "चिंता करू नोका दादा," भिवाजीनं त्यांचे जोडलेले हात धरले. "आता चूक होनार नाई."

दुसऱ्या दिवशी उदयसिंग आला आणि तेच तिघं गिरणीत बसलेले पाहून दारातच थबकला. तरी त्यानं फाईल उघडली. "पुंजाजींना शुगर आहे, असं अर्जात लिहिलंय. तुम्हाला माहीत आहे?"

"शुगर?" भिवाजी उसळलाच. "कोनाले? साहेब, या मानसाले साधी शिंक बी येत नाई!"

"अरे, हाये!" पुंजाजी कळवळून ओरडले. "शुगर हाये मले!"

"पाहा कसा आवाज हाये! बिमार मानसाचा असते काय असा आवाज?" मोहनसिंग म्हणाला.

"पन डॉक्टरचा कागद..."

"डॉक्टराले काय कळते?" असं म्हणत गोमतीबाईंनी नात झाल्याचे म्हणून आणलेल्या पेढ्यांचा पुडा सोडला, आणि पुंजाजींचं तोंड पुढचा शब्द बोलायला उघडलं होतं, त्यात नेमका एक पेढा कोंबला. "आता सांगा साहेब! शुगर असती तं पेढा खाल्ला असता काय?"

पुंजाजींना धड गिळता येईना, धड थुंकता येईना. नातीचा पेढा थुंकायचा तरी कसा? त्यांनी तो गिळला, आणि डोळ्यांतून पाणी आलं.

"आनंदाचे आसू," भिवाजीनं साहेबाला समजावलं. "डोये बी शाबूत हायेत."

उदयसिंगनं जुना अहवाल काढला, नवा कागद शेजारी ठेवला आणि बराच वेळ दोन्हीकडे आळीपाळीनं पाहत राहिला. मग त्यानं पेनाचं टोपण लावलं.

"काका," तो थकल्या आवाजात म्हणाला, "शुगरचं काही नाही हो. डॉक्टरांचा कागद आहे, कंपनी मान्य करेल. अडचण वेगळीच आहे. तीन महिन्यांपूर्वी याच गावातले पुंजाजी मरायला टेकले होते. आज जे समोर आहेत त्यांना शिंकसुद्धा येत नाही. कंपनी विचारणार, ते पुंजाजी गेले कुठं, आणि हे कोण?"

"मीच तो! आधार कार्ड हाये ना मायं!"

"आधार तर लागेलच. पण ते पुंजाजी आणि हे पुंजाजी एकच आहेत, असं एक प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल. ते झालं की लगेच मंजुरी, कॅनडाला मोकळे!"

पुंजाजींचा जीव भांड्यात पडला. "मंग देतो की! आत्ता देतो! कोनाची सही लागते?"

"दोन शेजाऱ्यांची," उदयसिंग म्हणाला. "तुमच्याबद्दल ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचं."

पुंजाजींनी मटकन गिरणीतल्या पोत्यावर बसकण मारली. भिवाजीनं मात्र साहेबाच्या खिशातला पेन केव्हाच काढून घेतला होता.