चौथ्या योद्ध्याचं डोकं

दिवाळीत मराठी माणूस किल्ला करतो आणि त्यावर मावळे मांडतो. जर्मनीतल्या त्सुफेनहाउझेनचे आमचे कर्णिककाका मात्र बाल्कनीत मेक्सिकोतलं टोल्टेक लोकांचं प्राचीन मंदिर करतात. तेही आज आहे तसं, म्हणजे पडकं. मातीचा पायऱ्यापायऱ्यांचा चौथरा, वर हातभर उंचीचे चार योद्धे, आणि छप्पर नाही.

"काका, निदान छप्पर तरी घाला," मी एकदा म्हटलं.

"कित्येक शतकांपूर्वी पडलंय ते. मी घालून खोटेपणा करू? हे योद्धे म्हणजेच मंदिराचे खांब. एकेक चार तुकड्यांचा, खुंटी-खोबणीने एकावर एक बसवलेला. छप्पर गेलं तरी उभेच! गेनाऊ, अगदी तस्सेच!"

काका मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनीअर. त्यामुळे योद्धेसुद्धा कॅलिपरने मोजून घडवतात. इथल्या मराठी मंडळाच्या किल्ला स्पर्धेत परीक्षकांनी "महाराज कुठे बसवलेत?" असं विचारलं, की काका भडकतात. "टोल्टेकांकडे महाराज कशाला जातील?" बक्षीस अर्थातच कधी मिळालेलं नाही.

यंदा फराळाचा डबा परत करायला मी गेलो, तेव्हा दिवाळी केव्हाच उलटली होती. मंदिर होतं तिथेच होतं. तीन योद्धे पूर्ण, चौथ्याला डोकं नाही. ते टेबलावर रुमालात ठेवलेलं. मी आपलं मदत म्हणून उचललं.

"ठेव ते!" काका ओरडले. "रेवाचं काम आहे." आणि फोन घेऊन बाल्कनीत गेले.

रेवा त्यांची मुलगी, हॅम्बर्गला नोकरी करते.

"अरे, यांना कसलं आलंय इतिहासाचं वेड!" चहा ओतत काकू म्हणाल्या. "रेवा पहिलीत असताना यांनी विचारलं, रायगड करू या की प्रतापगड? तिने लायब्ररीच्या पुस्तकातल्या या मंदिरावर बोट ठेवलं. झालं, तेव्हापासून हेच. शेवटचं डोकं तीच बसवायची. आता जमत नाही तिला."

बाल्कनीत काकांचा फोन स्पीकरवर होता.

"रेवा, कधी येतेस बाळा?"

"माल झेएन, पापा." म्हणजे, बघू.

"हो, हो, बघ सवडीने. घाई काही नाही. पडकंच आहे ते, आणखी काय पडणार?"

मी डोकं नीट रुमालात गुंडाळून ठेवलं.

"अहो, आत या, बर्फ पडायला लागलाय," काकूंनी हाक मारली.

"आलो," म्हणत काकांनी गळ्यातला मफलर काढला आणि बिनडोक्याच्या योद्ध्याच्या खांद्यांवर गुंडाळला.