आत्याचं पांढरं पातळ

विशाखाच्या वडिलांना, अण्णांना जाऊन सत्तावीस दिवस झाले होते. गंगापूर धरणातल्या तीन किलोमीटर पोहण्याच्या स्पर्धेचा तिचा फॉर्म त्यांनीच भरून ठेवला होता.

"जायाचंच का?" भिमाबाई आत्यानं विचारलं. निफाडहून ती भावाच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आली, ती परत गेलीच नव्हती.

"अण्णांनी सहा महिने शिकवलंय. एवढं एक पार करायचंय," विशाखा म्हणाली.

"मग मी बी येनार. काठावर कोन हाय तुझं आता?"

अण्णांचे नियम दोनच. उघड्या पाण्यात भिंत नसते, म्हणून दर वीस हात मारल्यावर मान वर काढून काठावरची एक खूण बघायची. आणि पुढच्याच्या पायांमागे राहायचं. पाणी हलकं लागतं.

विशाखा सुरुवातीलाच पुढे निघाली. पेटके आलेल्या एकाला घेऊन सोबतची एकुलती एक नाव परत गेली. उरलेले पाच मुलगे तिच्या पायांमागे राहिले. तेवढं त्यांनाही शिकवलेलं होतं.

शेवटच्या टप्प्यात ऊन डोळ्यांवर आलं आणि पलीकडच्या काठावरचं, जिथं पोहोचायचं ते लाल निशाण दिसेनासं झालं. दिसत होतं फक्त आत्याचं पांढरं पातळ. विधीला नेसलेलं, तेव्हापासून आत्यानं अंगाला दुसरा रंग लावला नव्हता. ती निशाणाशेजारीच बसणार होती. विशाखानं तो ठिपका धरला. ठिपका डावीकडे सरकतोय असं वाटलं, तेव्हा वारा आपल्याला उजवीकडे ढकलतोय असं समजून ती आणखी जोर लावून डावीकडे वळली.

अर्ध्या तासानं सहाही जण चिखलात, कमरेइतक्या पाण्यात उभे होते. समोर आत्या, चपला हातात, धापा टाकत.

"निशाण कुठंय?" नाथा नावाच्या मुलानं विचारलं.

"त्या टेकाडापल्याड ऱ्हायलं की."

"मग तू इकडं का आलीस, आत्या?" विशाखानं विचारलं.

"मी? तूच वाट सोडून भलतीकडं चालली व्हतीस! म्हनलं पोर एकली हाय, संगं चालावं. तू वळली तशी मी वळले."

"अगं, मी तुझ्याकडं बघून येत होते!"

"आणि ताई, आम्ही तुमच्याकडं बघून," नाथा म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

काठावर चढलं की स्पर्धेतून बाद. विशाखानं त्या टेकाडाची खूण धरली.

"आत्या, या वेळी तू माझ्या मागून चाल," ती म्हणाली आणि पाण्यात शिरली. दुसरं काही सुचत नसल्यामुळे पाचही मुलगे पुन्हा तिच्या मागे गेले.

ती निशाणाशी पोहोचली तेव्हा वेळ संपून पाऊण तास झाला होता. पंच टेबलाची घडी करत होते.

"तीन किलोमीटरचं प्रमाणपत्र देता येणार नाही. वेळेत नाही. पोहलात मात्र पाच," ते म्हणाले.

"मग पाचाचं द्या," मागून आत्या आली.

"बाई, पाचाची स्पर्धाच नव्हती."

"मी चालून आलेय संगं. पाचाला कमी नाय."

कुडकुडणाऱ्या पाचही मुलांनी माना डोलावल्या. पंचांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा आत्याच्या चिखलानं भरलेल्या पातळाकडे. मग छापलेला 'तीन' खोडून वर 'पाच' लिहिलं.

"नाव?"

"विशाखा पगारे."

"पुरं लिवा," आत्या म्हणाली. "मधलं गाळू नका. जयराम."