एक्क्याऐंशी मार्कांचा कॅमेरा

हेडसरांनी कॅमेऱ्यांची परीक्षा घ्यायचं ठरवलं, तेव्हाच त्यांच्या बायकोने कपाळाला हात लावला होता. "कॅमेरा घ्यायचाय, की त्याला सातवीच्या वर्गात बसवायचंय?" असं तिने विचारलंही. पण हेडसर तेव्हा पट्टी धरून कागदावर रकाने आखत होते, आणि रकाने आखताना त्यांना कोणाचंच काही ऐकू येत नसे.

झालं होतं असं, की येत्या शनिवारी हेडसर निवृत्त होणार होते. शाळेतल्या सगळ्यांनी मिळून त्यांना एक डिजिटल कॅमेरा भेट द्यायचा बेत केला. साधा, परवडणारा, रोज हाताशी ठेवता येईल आणि घरातले, बागेतले फोटो काढता येतील असा. निवड मात्र हेडसरांनीच करावी, असं हेडक्लार्कने सुचवलं. दुसऱ्या कोणी निवडलेल्या वस्तूत हेडसर चुका काढतात आणि त्याही लाल शाईने, हे तो पंचवीस वर्षं बघत आला होता. हेडसर खूश झाले. खुशीच्या भरात सगळ्या स्टाफसमोर शब्द देऊन बसले, "मग व्हरांड्यातला माझा फोटोसुद्धा ह्याच कॅमेऱ्याने काढलेला असेल. स्टुडिओबिडिओ काही नको!"

व्हरांड्यातला फोटो म्हणजे काय, ते सांगायला हवं. ऑफिसच्या बाहेरच्या भिंतीवर शाळेच्या सात माजी मुख्याध्यापकांचे फोटो ओळीने लावलेले होते. त्या सातांपैकी एकाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं. डावीकडून तिसरे तर असे बघत, की त्यांच्यासमोरून जाताना मुलं आपोआप शर्ट आत खोचत. तिथे आठवा खिळा आता हेडसरांची वाट पाहत होता. आपल्यासमोरूनही मुलांनी शर्ट खोचत जावं, एवढी एकच इच्छा हेडसरांनी एकतीस वर्षं मनात बाळगली होती. त्यासाठी लागणारा चेहरा त्यांनी आरशासमोर उभं राहून घोटून घोटून तयार केला होता. घरात दाढीला इतका वेळ का लागतो, हे कोणाला कळत नसे ते त्यामुळेच.

तर परीक्षा. झूम, बॅटरी, पडदा, वजन आणि वर्तणूक असे पाच विषय. प्रत्येकी वीस गुण, पास व्हायला एकूण पस्तीस. हेडसर तक्ता घेऊन दुकानात गेले ते लागोपाठ चार दिवस. पहिल्या दिवशी दुकानदाराने त्यांना खुर्ची दिली. तिसऱ्या दिवशी हेडसर खुर्चीत आणि दुकानदार समोर हात मागे बांधून उभा, असं दृश्य होतं.

"ह्याचा झूम बघा सर. पार समोरच्या इमारतीवरचं कबुतर दिसतं."

"म्हणजे लक्ष सगळं खिडकीबाहेर. पुढचा."

"हा एकदम हुशार. तुम्ही काही करायचंच नाही, सगळं हाच ठरवतो."

"आगाऊ आहे," असं म्हणून हेडसरांनी वर्तणुकीत वीसपैकी तीन दिले.

शेवटी दुकानदाराने काचेच्या कपाटातून एक काळा, चौकोनी कॅमेरा काढला. मांडणीत ठेवलेला होता म्हणून त्याची किंमत उतरवली होती, आणि ती शिक्षकांनी जमवलेल्या रकमेत नेमकी बसत होती. दुकानदार माणूस प्रामाणिक होता. तो म्हणाला, "सर, एक सांगतो. ह्याचं वरचं चाक अडकलंय. फिरत नाही."

त्या चाकावर छोटी छोटी चित्रं होती. डोंगर, फूल, चंद्र, धावणारा माणूस. ज्याचा फोटो काढायचा त्या चित्रापाशी चाक आणायचं. पण हे चाक एका हसऱ्या तोंडापाशी येऊन जे बसलं होतं, ते बसलंच होतं. हेडसरांनी ते दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिलं. चाक तसूभर हललं नाही.

"उत्तम!" हेडसर म्हणाले. "चंचलपणा नाही. आणि चेहरा हसतमुख." आणि त्यांनी वर्तणुकीत वीसपैकी वीस दिले. इतके मार्क त्यांनी आजवर एकाही मुलाला दिले नव्हते. कॅमेरा शंभरात एक्क्याऐंशी मिळवून पहिला आला. दुसऱ्या दिवशी हेडसरांनी स्टाफरूममध्ये तो निकाल वाचूनही दाखवला.

शुक्रवारी दुपारी फोटो काढायला घेतला. शनिवारी सकाळी तो फ्रेमवाल्याकडे द्यायचा आणि अकरा वाजता कार्यक्रमात भिंतीवर लावायचा, असं ठरलं होतं. हेडसर कोट घालून खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. त्यांनी तो घोटलेला चेहरा केला. बायकोने कॅमेरा डोळ्यांसमोर धरला आणि बटण दाबलं. काहीच झालं नाही.

"दाब ना!"

"दाबलंय! दाबून धरलंय. तो नुसता बघत बसलाय तुमच्याकडे."

बॅटरी काढून झाली, घालून झाली. कॅमेरा हेडसरांकडे बघत राहिला आणि हेडसर कॅमेऱ्याकडे. दोघांपैकी कोणीच हार मानेना. तेवढ्यात मुलगी कॉलेजातून आली, तिने "काय चाललंय?" म्हणत डोकं मध्ये घातलं आणि बापाचा अवतार बघून फिस्सकन हसली. कॅमेऱ्याने लगेच तिचा फोटो काढला.

मुलीने खोक्यातलं पुस्तक काढून वाचलं. "बाबा, ते हसरं तोंड आहे ना, त्याचा अर्थ असा की समोरचा माणूस हसला की हा आपोआप फोटो काढतो. नाही हसला तर वाट बघतो."

"किती वेळ?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

"बॅटरी संपेपर्यंत," बायको म्हणाली. "आणि बॅटरीला तुम्हीच वीसपैकी अठरा दिलेत."

दुकानदाराला फोन झाला. चाक सोडवून मिळेल, पण आठ दिवस लागतील, असं तो म्हणाला. नाहीतर दुसरा कॅमेरा बदलून नेता येईल.

"निकाल जाहीर झालाय," हेडसर फोनवर गंभीर आवाजात म्हणाले. "जाहीर झालेला निकाल मी कधी फिरवलेला नाही."

"मग माझ्या मोबाईलवर काढते ना," मुलगी म्हणाली. "कोणाला कळणारे?"

"मला कळेल."

ह्यावर काही बोलण्यात अर्थ नव्हता. हा माणूस स्वतःच्या मुलीला शुद्धलेखनात अर्धा मार्क कापून नापास करणारा. ती गोष्ट घरात अजून कोणी विसरलं नव्हतं, मुलगी तर नाहीच.

मग मुलीने युक्ती काढली. बाबांनी चेहरा करून बसायचं, तिने शेजारी बसून हसायचं, आणि नंतर फोटोतून तिला कापून टाकायचं. कॅमेरा फसला, चटकन आवाज झाला. पण फोटोत मुलगी लखलखीत आणि हेडसर धुक्यात हरवलेले. कॅमेऱ्याला हसणाऱ्यातच रस होता. बायकोने साबणाच्या वेष्टनावरचं गुटगुटीत, खुदुखुदू हसणारं बाळ कापलं आणि हेडसरांच्या कोटाच्या खिशाला टाचणीने लावलं. बाळाचा फोटो अप्रतिम आला. त्याच्या मागे कोणाचा तरी कोट होता, इतकंच कळत होतं. बाळाला खिशावरून उतरवलं.

पाच वाजत आले. खिडकीतलं ऊन सरकायला लागलं आणि हेडसरांचा धीर सुटायला लागला. अखेर ते एक पायरी खाली उतरले. "ठीक आहे. मी किंचित हसतो. कॅमेऱ्याला कळेल, पण मुलांना कळणार नाही, एवढंच."

त्यांनी ओठांचं डावं टोक थोडं वर उचललं. कॅमेरा ढिम्म. मग उजवं उचललं, तेव्हा डावं खाली आलं. दोन्ही एकदम उचलली तर भुवयाही बरोबर निघाल्या. घामाघूम झाले बिचारे. एकतीस वर्षं दुसऱ्यांना नापास करत आलेल्या माणसाला एका एवढ्याशा यंत्राने लागोपाठ अकरा वेळा नापास केलं. बायकोला आतून हसू येत होतं आणि खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटत होतं. आपला नवरा हसायचंच विसरलाय, हे तिला इतक्या स्पष्टपणे कधी दिसलं नव्हतं.

"अहो, दात दिसले पाहिजेत त्याला," ती समजुतीने म्हणाली. "हसू नका. नुसते दात दाखवा."

"मी दात काढणाऱ्यांना बाकावर उभं करत आलोय. आता काय मी दात काढू?"

"काढू नका. असं करा, बाराखडी म्हणा. 'की' म्हणताना दात दिसतातच. त्याला कोणी हसणं म्हणत नाही."

हे हेडसरांना पटलं. बाराखडीत गैर असं काहीच नव्हतं. ते ताठ बसले, कॅमेऱ्यावर नजर रोखली आणि वर्गात म्हणतात तसं खणखणीत म्हणाले, "क! का! कि! की!"

चट्‌! कॅमेऱ्याने फोटो काढला. तिघंही पडद्यावर वाकली. फोटो स्वच्छ होता. पण त्यातल्या माणसाची दाढ कोणीतरी भूल न देता उपटत असावं, असं दिसत होतं.

"हा लावला तर मुलं आत नाव नोंदवून रांगेत बसतील," मुलगी म्हणाली. "दातांचा दवाखाना समजून."

"पुन्हा घेऊ," हेडसर म्हणाले. "पुढचं अक्षर. सगळ्यांनी शांत राहायचं. ख! खा! खि! खी!"

मुलीला राहवलं नाही. ती खी खी करत पलंगावर पडली.

"हसायला काय झालं?" हेडसर गरजले. "अक्षर आहे ते! खी!"

आणि बोलता बोलता ते थांबले. हजारो मुलांकडून त्यांनी बाराखडी म्हणून घेतली होती, पण आपल्याच तोंडून आलेला तो 'खी' त्यांनी आज पहिल्यांदा ऐकला. त्यांनी हळूच, जणू तपासून बघावं तसं, पुन्हा एकदा म्हटलं, "खी." मग त्यांचा खांदा हलला. "खी खी," ते म्हणाले, आणि हे काही बाराखडीतलं नव्हतं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला, डोळ्यांत पाणी आलं, अंगावरचा कोट गदागदा हलायला लागला. हेडसर पोट धरून हसत होते आणि कॅमेरा चट्‌ चट्‌ चट्‌ करत सुटला होता.

संध्याकाळी मुलगी दोन फोटो छापून घेऊन आली आणि निकाल लावायची वेळ आली. एका बाजूला 'की', दुसऱ्या बाजूला 'खी'. हेडसरांनी लाल पेन घेतलं. "'की'मध्ये हसू नाही," ते आशेने म्हणाले, आणि त्यांनी मनापासून मार्क द्यायला घेतले. बेरीज चौतीस झाली.

"एक मार्क वाढवून द्या की," बायको म्हणाली. तिला ते करणार नाहीत हे माहीत होतं.

हेडसरांनी बेरीज पुन्हा एकदा करून पाहिली. एकतीस वर्षांत असा एक मार्क मागायला किती आईबाप त्यांच्या टेबलासमोर उभे राहिले होते. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "चौतीस म्हणजे नापास," ते म्हणाले. मग दुसऱ्या फोटोकडे न बघता विचारलं, "त्याला किती द्यायचे?"

बायकोने तो फोटो मघापासून हातातून खाली ठेवला नव्हता. "त्याला मी तपासते," ती म्हणाली. "हा माणूस माझ्या ओळखीचा आहे. बऱ्याच वर्षांनी भेटला, इतकंच."

शनिवारी व्हरांड्यात फोटोवरचा कागद दूर झाला आणि शाळेत असा सन्नाटा पसरला, की घंटेची दोरी हललेली ऐकू यावी. सात चेहरे रागावलेले, आणि आठवा चेहरा दात दाखवून हसणाऱ्या हेडसरांचा. हेडक्लार्कने घाईघाईने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. हेडसर मान खाली घालून घरी आले. एकतीस वर्षांचा दरारा एका फोटोने धुऊन नेला, असं म्हणून त्यांनी दोन आठवडे शाळेच्या रस्त्याकडे पाऊल टाकलं नाही.

पंधराव्या दिवशी हेडक्लार्क कुठल्याशा कागदावर सही घ्यायला घरी आला. हेडसरांनी सही केली, दोनदा खाकरले आणि मग धीर करून विचारलं, "व्हरांड्यात फार दंगा करत असतील आता पोरं?"

"व्हरांड्यात? छे हो सर!" हेडक्लार्क म्हणाला. "तिकडून कोणी जातच नाही. प्रयोगशाळेला जायचं तर पोरं सगळं मैदान ओलांडून मागच्या दाराने जातात. त्या सातजणांचं आता कोणाला काही वाटत नाही हो. पण तुमचा फोटो बघितला की मोठी मोठी पोरं घाबरतात."

"घाबरतात? अरे, मी हसतोय त्यात!"

"म्हणूनच तर. पोरं म्हणतात, हेडसर हसतायत म्हणजे आज कोणाचं तरी काही खरं नाही."