लेक पार्सलनं धाडता का?

भानुदासभाऊ संगणक पोहोचवायला एस.टी.ने निघाले, की खिडकीजवळची जागा त्याला देतात आणि स्वतः कडेला बसतात. कंडक्टरने हटकले तर म्हणतात, "काढतो की त्याचंबी तिकीट. पर उभं न्हाई न्यायचं."

नगरात आमची दुकाने समोरासमोर. दोघेही वर्कस्टेशन विकतो. म्हणजे इमारतींचे आराखडे, लग्नांचे व्हिडिओ अशी अवजड कामे पेलणारे, घरगुती संगणकाहून बरेच गुंतागुंतीचे यंत्र. मी ऑनलाइन ऑर्डर घेतो, थर्माकोलमध्ये बांधतो, कुरिअरने पाठवतो. भाऊंना ते मान्य नाही. "लेक सासरी घालवायची तर पार्सलनं धाडता का?" असे ते मला भर टपरीवर, चहा फुंकत विचारतात.

त्यांच्याकडे पहिल्या दिवशी कुणालाही यंत्र मिळत नाही. गिऱ्हाइकाने आपले काम आणायचे, समोर बसून करायचे, आणि भाऊंनी पाठीमागे हात बांधून पाहायचे. कर्जतच्या एका व्हिडिओवाल्याला त्यांनी नवरीची पाठवणी तीनदा जोडायला लावली आणि शेवटी सांगितले, "तुमाला एवढं भारी लागत न्हाई. हलकं घ्या." मी त्याला भारीच विकले असते. तो मात्र वाकून नमस्कार करून गेला, आणि माझा दिवस नासला.

याहून बोचणारी गोष्ट वेगळीच. माझी पार्सले खड्ड्यांतून हादरत जातात. आतले जड ग्राफिक्स कार्ड खाचेतून निसटते आणि माझे गिऱ्हाईक खोके घेऊन थेट भाऊंच्या पायरीवर. ते कार्ड बसवून देतात आणि माझ्याविषयी चकार शब्द काढत नाहीत. त्यांनी निंदा केली असती, तर मला हलके वाटले असते.

एके दुपारी मी खोट्या नावाने त्यांच्या दुकानाच्या ऑनलाइन पानावर लिहिले, 'यंत्र महिनाभरात बंद पडले. कुणी विचारत नाही.'

दुसऱ्या दिवसापासून त्यांचे शटर खाली. आठवडाभर. घाव वर्मी लागला, असे मला वाटले. त्या दिवसांत मला जेवण गोड लागले, हे लपवण्यात अर्थ नाही.

आठव्या दिवशी भाऊ माझ्या दारात उभे राहिले. चप्पल धुळीने पांढरी, खांद्याला हत्यारांची पिशवी.

"शेजारी, समद्या जुन्या गिऱ्हाइकांकडं जाऊन आलो. पारनेर, राळेगण, पार कर्जतपत्तुर. समद्यांची चालू हायेत. पानावर लिवलेला ह्यो एकच मानूस घावंना. तुमच्याकडं आल्ता का? काम अडलं असंल त्याचं."

मी त्यांना खुर्ची दिली, पाण्याचा पेला पुढे ठेवला.

"भाऊ, ते मी लिहिलं होतं."

पेल्याकडे नेलेला हात त्यांनी मागे घेतला.

"म्हंजी कुनाचंच मशीन बंद न्हाई?"

"नाही."

"मग बरं झालं," म्हणाले, पिशवी खांद्यावरून उतरवली, आणि मगच पाणी प्यायले.